पाटीवरचं नाव

नागपूरच्या मोमिनपुऱ्यात मी ज्या चाचांकडे केस कापतो, त्यांचा मुलगा दुकानाची नवी पाटी करून घेतोय. डिझाइनरच्या नमुन्यात इंग्रजी नाव, दाढीवाला परदेशी मॉडेल आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब आहे. चाचांचं नाव कुठेच नाही. "नाव वाचून गिऱ्हाईक परत जायला नको," मुलगा म्हणाला. चाचा वस्तरा पुसत गप्प राहिले.

ही भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. पण ओळख उसनी कशाला घ्यायची? तो खांब युरोपातल्या न्हाव्यांचा. ते केस कापत, तसंच औषध म्हणून रक्तही काढत. लाल पट्टा रक्ताचा, पांढरा जखमेवरच्या कापडाचा. आपला 'हज्जाम' शब्दही त्याच कामातला. अरबीत 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. त्या शब्दाची समाजाने शिवी केली, म्हणून अनेकांनी हजरत सलमान फारसी यांच्यावरून 'सलमानी' हे नाव घेतलं. आता तेही झाकायचं?

२०२२च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी लावावी लागते. देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मग त्याच मोठ्या देवनागरीत चाचांचं नाव लिहा. सोबत कात्री आणि वस्तरा, रंग दोनच. तेच रंग दरपत्रकावर आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या कापडावर.

माणूस वस्तऱ्याखाली गळा देतो, तो ओळखीच्या हातावर विसंबून. त्या हाताचं नाव पाटीवर असायलाच हवं.