मत्स्यपात्राचे पाणी आणि घरातील पालेभाजी

घरात माशांची काचेची पेटी असली, म्हणजे दर आठवड्यास तिच्यातील बादलीभर पाणी काढून तितकेच ताजे पाणी घालावे लागते. ते जुने पाणी मोरीत ओतताना काटकसरी गृहिणीचा हात क्षणभर थबकतो. कारण तेच पाणी मिरचीच्या रोपास घातले असता रोप कसे तरारते, हे तिने पाहिलेले असते. मग साहजिकच प्रश्न उद्भवतो की, पेटीवरच एक लहानसा वाफा ठेवून त्यात पालेभाजी लावली, तर मासेही जगतील, भाजीही मिळेल आणि पाणीही वाया जाणार नाही. असे करता येणार नाही काय?

अवश्य करता येते. इंग्रजीत ह्या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स असे नाव आहे आणि तिचे तयार संच आता शहरांतील दुकानांत मिळतात. परंतु पैसे खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, ह्या कामात उतावळेपणा मुळीच खपत नाही. आणि दुसरी ही की, एवढ्याने घरचा भाजीबाजार सुटत नाही.

नाव नवे असले तरी कल्पना फार जुनी आहे. चीनमधील चेच्यांग प्रांतात छिंगत्यान नावाचा एक डोंगराळ परगणा आहे. तेथील शेतकरी भाताच्या खाचरातच मासे वाढवितात. मासे किडे व तण खातात आणि त्यांच्या विष्ठेने भातास खत मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००५ साली ह्या पद्धतीचा जागतिक कृषिवारशात समावेश केला. गोव्यातील वाचकांस तर आपली खाजन शेती ठाऊकच आहे. तेथेही बांधाच्या आत पावसाळ्यात कोरगूट भात पिकते आणि मानशीच्या दारांतून आलेली मासळी त्याच जमिनीच्या पाण्यात धरली जाते. आधुनिक काळात, १९८० नंतरच्या दशकांत, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठातील जेम्स राकोसी ह्यांनी मासे व भाजी ह्यांची ही सांगड टाक्या, नळ्या व पंप ह्यांच्या साह्याने शास्त्रशुद्धपणे बसवून दाखविली.

ह्या सांगडीचे रहस्य मात्र माशांतही नाही आणि रोपांतही नाही. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंत आहे. मासे जे खातात त्यातून अमोनिया पाण्यात उतरतो आणि तो माशांना विषासमान असतो. काही जंतू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात. परंतु तेही विषारीच, कारण त्याने माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवितात आणि हे नायट्रेट रोपांची मुळे शोषून घेतात. ह्या जंतूंना वेगळे करून त्यांचे कार्य रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की ह्यांनी १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. खडीच्या प्रत्येक खड्यावर ह्या जंतूंचा थर चढावा लागतो आणि त्यास चार ते सहा आठवडे लागतात.

हा कालावधी न पाळल्याचे फळ आमच्या घरी आम्ही भोगले आहे. पेटी आणली त्याच दिवशी मुलांच्या आग्रहाने दहा मासे सोडले आणि वरच्या वाफ्यात पालकाची रोपेही लावली. आठवडाभर सर्वांस मोठे कौतुक वाटले. दहाव्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले आणि चौदाव्या दिवसापर्यंत दहांपैकी सात दगावले. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ होते! मुलांना काय सांगावे ते सुचेना. स्वच्छ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो; पण त्याची किंमत त्या मुक्या जीवांनी दिली.

म्हणून ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी पुढील क्रमाने जावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी राहते. त्या पाण्याचे वजनच पन्नास किलो भरते. तेव्हा खालचे मेज भक्कम असावे. पेटीवर भोके पाडलेला तसराळ्यासारखा पसरट वाफा बसवून तो धुतलेल्या खडीने भरावा. खडीवर आधी थोडा व्हिनेगर टाकून पाहावा. फेस आला तर त्या दगडात चुना आहे, तो वापरू नये. लहान पंपाने पाणी वर चढावे आणि खडीतून झिरपून पुन्हा पेटीत पडावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच घालावे.

आता मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकीत जावे. ते कुजून अमोनिया निर्माण होतो आणि जंतूंना अन्न मिळते. कोणाच्या जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर खडी मिळाल्यास हे काम लवकर होते. पाणी तपासण्याची थेंबांची पेटी मत्स्यविक्रेत्याकडे मिळते. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की दोन-तीन मॉली मासे सोडावेत. पुढे हळूहळू दहापर्यंत न्यावेत. खडी कधीही नळाच्या पाण्याने घासूनपुसून धुऊ नये. स्वच्छतेच्या त्या हौसेपायी जंतू मरतात आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

आता हिशेब पाहू. अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली काढलेल्या पुस्तिकेत असे प्रमाण दिले आहे की, एक चौरस मीटर पालेभाजीस माशांचे रोजचे चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्य पुरते. दहा मॉली दिवसास फार तर एक ग्रॅम खातात. म्हणजे त्यांच्यावर पोसला जाणारा वाफा सहा इंच लांब व सहा इंच रुंद! त्यात पुदिन्याच्या चार-पाच काड्या किंवा थोडी कोथिंबीर सुखाने वाढेल. पालकाची जुडी वाढणार नाही. रोपे अधिक लावली तर ती फिकी पडतात. शिवाय दहा वॅटचा पंप अखंड चालविल्यास महिन्यास सुमारे सात युनिटे वीज जाते, आणि खिडकीचे ऊन पुरेसे नसल्यास वीस वॅटचा दिवा रोज बारा तास लावावा लागतो. त्याचीही सात युनिटे धरावीत. चटणीपुरत्या पुदिन्यासाठी हा खर्च झेपतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी तीन गोष्टी कधीही विसरू नयेत. रोपांवर कीटकनाशक फवारू नये, कारण ते थेट माशांपर्यंत पोहोचते. माशांना औषध द्यावयाचे झाल्यास त्यांना वेगळ्या भांड्यात काढावे. औषधाच्या पाण्यातील भाजी खाण्यास योग्य नसते. आणि पावसाळ्यात वीज गेली, पंप थांबला, तर लोट्याने पेटीतीलच पाणी काढून ते उंचावरून पुन्हा पेटीत सोडीत राहावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. तोडलेली पाने चांगल्या पाण्याने धुऊनच खावीत.

शेवटी आमचे मत स्पष्टपणे सांगतो. ज्यांच्या घरामागे परसू आहे, त्यांनी संचावर पैसे घालविण्याचे मुळीच कारण नाही. पेटी साधीच ठेवावी आणि आठवड्याचे ते बादलीभर पाणी मोरीत न ओतता मिरची-वांग्याच्या आळ्यात ओतावे. मात्र त्यात मीठ किंवा औषध घातलेले नसावे. तेथे मातीतील जंतू तेच काम विनामूल्य करतात. ज्यांचे बिऱ्हाड शहरात माडीवर आहे आणि ज्यांस ओंजळभरही माती नाही, त्यांनी खिडकीपाशी ही पेटी जरूर मांडावी. पण पहिले सहा आठवडे तिच्यात एकही मासा सोडू नये, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. त्या दिवसांत मुलांच्या हाती तपासणीचे थेंब द्यावेत आणि रोजचा रंग वहीत मांडावयास सांगावे. आमच्या घरी दुसऱ्या खेपेस तसेच केले. उरलेले तीन मासे तोवर शेजाऱ्यांकडे ठेवले होते; ते परत आणले, आणि आज ते तिन्ही जिवंत आहेत.