माणूस पाहून काम, काम पाहून माणूस

सेवाकार्यास माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार आपल्या सभांतून वारंवार ऐकू येते. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. माणसे असतात, उणीव असते ती योग्य माणूस योग्य कामी लावण्याची. गुळाचा काटा निराळा व मोत्यांचा निराळा, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु हा विवेक दुकानात ठेवूनच आपण सेवेस निघतो! जन्मभर हिशेब लिहिलेल्या वडीलधाऱ्यांस पंगतीत पाणी वाढावयास लावतो व हुशार विद्यार्थ्यास खुर्च्या मोजावयास. पुढील वर्षी दोघेही फिरकत नाहीत.

अंध विद्यार्थ्यांचे उदाहरण घ्या. परीक्षेत त्यांना लेखनिक लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्याहून एक पायरी कमी असावे, असे सांगितले होते. शिवाय तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ. म्हणजे तीन तासांच्या पेपरास चार तास बैठक. अशा नियमापुढे पदवीधर आजोबांचा सद्भाव शालेय परीक्षार्थीच्या उपयोगी पडत नाही; तेथे खालच्या इयत्तेतील, सुवाच्य अक्षराचा विद्यार्थीच हवा. उलट, वर्षभर पाठ्यपुस्तके वाचून दाखविण्याचे काम निवांत वेळ व स्पष्ट वाणी असलेल्या ज्येष्ठांनाच साधेल.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी, अशी अपेक्षा असते. परंतु तास भरणे निराळे आणि तास कारणी लागणे निराळे.

सेवेत लहानमोठे काम नसते, पडेल ते करावे, असे कोणी म्हणतील. सेवकाच्या मनापुरते ते योग्यच आहे. परंतु ज्याची सेवा करावयाची, त्याच्या बाजूनेही पाहावयास नको काय? ऐनवेळी लेखनिक न मिळाल्यास वर्ष वाया जाते ते परीक्षार्थीचे, आपले नव्हे.

म्हणून आपल्या संघाने एक वही घालावी. एका बाजूस सेवेच्छूचे वय, शिक्षण, कसब व मोकळा वेळ; दुसऱ्या बाजूस गावातील शाळा, रुग्णालये व वाचनालये ह्यांची गरज. दरमहा एका जबाबदार गृहस्थाने दोन्ही बाजूंचा मेळ घालावा. ताळेबंद जुळविण्याची विद्या आपल्या घरची आहे. ती ह्या पुण्यकार्यीही उपयोगात आणावी, एवढीच सभासद बंधुभगिनींस विनंती.