सर्व्हरच्या परवान्याचा हिशेब आधी मांडा

सुताचा भाव, सायझिंगचा दर, दलाली किती, हे भिवंडी-मालेगावच्या कोणत्याही कापडवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो पैशापर्यंत सांगेल. पण पेढीतल्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअरचा परवाना कशावर मोजतात, असे विचारले की तोच व्यापारी कॉम्प्युटरवाल्याच्या तोंडाकडे पाहतो.

२०१७ साली जीएसटी आला. आज हिशेब टॅलीत, गोदामाचा माल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, ऑनलाइनच्या ऑर्डरी तिसरीकडे, अशी गत आहे. हे सारे रोज रात्री एका जागी आणून जुळवणारे सॉफ्टवेअर म्हणजे डेटा इंटिग्रेशन. आपल्याकडे यासाठी बरेचदा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील इंटिग्रेशन सर्व्हिसेस सुचवतात. ‘शेठ, हे तर सोबत फुकटच येते,’ असे विक्रेता सांगतो. हे अर्धेच खरे आहे. स्टँडर्ड आवृत्तीसोबत ते येते, पण ज्या मशीनवर ते बसवाल त्या मशीनला एसक्यूएल सर्व्हरचा परवाना हवा. ‘काम जलद होईल’ म्हणून ते वेगळ्या मशीनवर टाकले की दुसरा परवाना आला.

मोजणी तर त्याहून विचित्र आहे. २०१२ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमधील कोअर मोजतात. किती माग चालले हे न पाहता शेडमध्ये किती माग बसवलेत यावर पैसे घ्यावेत, तसा हा प्रकार. एका प्रोसेसरला किमान चार कोअरचे पैसे द्यावेच लागतात. २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीची अमेरिकेतील जाहीर किंमत दोन कोअरला ३,९४५ डॉलर, म्हणजे चार कोअरला ७,८९०. रुपयांत साडेसहा लाखांच्या वर! ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून सोळा कोअरचा सर्व्हर घेतला तर ३१,५६० डॉलर. मशीन स्वस्तात मिळाले याचा आनंद तिथेच संपतो.

दुसरा मार्ग विक्रेते सहसा काढत नाहीत. सर्व्हरचा परवाना ९८९ डॉलर आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे २३०. पाच माणसांच्या पेढीला हे २,१३९ डॉलरमध्ये बसते. साधारण तीस माणसांपर्यंत हाच मार्ग स्वस्त पडतो. मात्र मोबाइलवरून ऑर्डर टाकणारे फिरते सेल्समनही मोजावे लागतात. मध्ये दुसरे सॉफ्टवेअर आहे म्हणून त्यांची मोजणी चुकत नाही.

काही कॉम्प्युटरवाले तर डेव्हलपर आवृत्ती टाकून मोकळे होतात. ती फुकट आहे खरी, पण फक्त प्रोग्रॅम बनवण्यासाठी आणि तपासण्यासाठी. तिच्यावर रोजचा धंदा चालवता येत नाही. चोरीची प्रत टाकणारेही आहेतच. ती चोरीची आहे हे माहीत असून वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. परक्याचा माल न विचारता वापरणे आपल्या धंद्यात कधी चालले नाही, ते इथे का चालावे?

माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांना एवढ्या खर्चाची गरजच नाही. टॅलीतून माहिती एक्सेलमध्ये निघते. माहिती साठवायला पोस्टग्रेएसक्यूएल आणि जुळवायला अपाची हॉप, दोन्हींना परवान्याचा पैसा लागत नाही. अर्थात ते बसवणाऱ्या मुलाची मजुरी लागते, आणि ती खुशीने द्यावी. फुकटच्या मालाची हमीही तपासावी. टॅलेंडची फुकट आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ ला कंपनीने बंद केली आणि तिच्यावर विसंबलेल्यांना नवी सोय शोधावी लागली.

तरीही एसक्यूएल सर्व्हरच घ्यायचा असेल, तर कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून घ्याव्यात: आवृत्ती कोणती, मशीन किती, कोअर किती, माणसे किती. परवान्याचे कागदही पेढीच्या नावाने मागावेत, कॉम्प्युटरवाल्याच्या नावाने नव्हे.