अपील कोणासाठी?

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये विषारी वायूने ज्यांचे डोळे आणि फुफ्फुसे जाळली, त्यांनाच पुढे आपली इजा कागदोपत्री सिद्ध करावी लागली. १९८५ च्या कायद्याने दावे चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला. उपायुक्तांचा निवाडा अमान्य असल्यास अपिलाची सोयही ठेवली. सोय उत्तमच! पण ज्याला दहा पावलांत धाप लागते, ज्याला अक्षरओळख नाही, पोरे काखोटीला मारून पळताना ज्याला दवाखान्याची चिठ्ठी जपण्याचे भान नव्हते, त्याने अपील करावे कसे? बहुसंख्यांची मूळ बोळवण अवघ्या २५ हजार रुपयांवर झाली.

१४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची वाढीव भरपाईची याचिका फेटाळली; मात्र रिझर्व्ह बँकेतील ५० कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरण्यास सांगितले. अशा दाव्यांच्या सुनावणीत तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १२ काटेकोर पाळले जावयास हवे. अपंगाला आपल्या भाषेत, आपल्याला जमेल त्या रीतीने साक्ष देता यावी, असे ते सांगते. कागद वाचून दाखविणारा लेखनिक आणि अंथरुणाला खिळलेल्याच्या दारी जाणारा अधिकारी, एवढी मागणी आम्हांस अवाजवी वाटत नाही.