कार्व्हर कपाटात आहे, अंबर कुठे?

म्हैसूरच्या विजयनगरात राहणाऱ्या मराठी घरांतली पुस्तकांची कपाटं पुण्या-कोल्हापूरच्या कपाटांहून फारशी वेगळी नसतात. बदली झाली की फर्निचर विकलं जातं, पण 'श्यामची आई' आणि 'एक होता कार्व्हर' ही पुस्तकं सामानाबरोबर येतातच. वीणा गवाणकरांचं कार्व्हर १९८१ साली आलं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं, दरोडेखोरांनी पळवलेलं आणि एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळालेलं ते पोरकं पोर पुढे टस्कीगीच्या संस्थेत शेती शिकवतं, भुईमुगातून शेकडो जिन्नस काढतं. मिसुरी नकाशात कुठे आहे हे ज्यांना सांगता येणार नाही, अशा कितीतरी मराठी मुलांनी त्याच्यासाठी डोळे पुसले आहेत.

यंदाच्या दिवाळी अंकाचा बालविभाग आफ्रिकी वंशाच्या सिद्दींवर आहे. तो का, हे सांगताना कार्व्हरला वगळून चालत नाही. ज्या भाषेने अमेरिकेतल्या एका काळ्या शास्त्रज्ञाला घरचा करून घेतलं, तिच्या मुलांना आफ्रिकेतून आपल्या दख्खनेत आलेल्या माणसांची नावं विचारा. दोनच येतील: पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचा सिद्दी. दोघेही शत्रूच्या गोटातले. त्याच १६६० सालच्या वेढ्यात नेताजी पालकरांबरोबर शिवाजी महाराजांच्या बाजूने लढायला सिद्दी हिलाल आला होता, त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, हे गोष्टीत येत नाही. प्रतापगडाखाली महाराजांबरोबर असलेल्या दहा जणांच्या यादीत सिद्दी इब्राहिम हे नाव आहे. आपण जिवा महालापाशी थांबतो.

कार्व्हरवर प्रेम करणं आपल्याला सोपं गेलं, कारण त्याला विकणाऱ्यांत आपलं कुणी नव्हतं. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा त्यांना मात्र लांबचं दाखवून जवळचंच सांगायचं होतं.) जवळची गोष्ट अंगावर येते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तिथल्या भर रस्त्यात माणसांचा लिलाव होताना पाहिला आणि लिहून ठेवला. त्या बाजारात आफ्रिकेतून आणलेली माणसंही उभी केली जात. उत्तर कन्नडच्या जंगलांत आज राहणाऱ्या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या मालकांच्या तावडीतून निसटून घाट चढले, असं मानलं जातं.

मग मुलांसाठी सुरुवात कुठून करायची? साखळदंडापासून नको, असं आमचं ठाम मत आहे. आम्ही पाण्यापासून केली, आणि ते पाणी आणणाऱ्या माणसापासून.

इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा मुलगा. मोखाच्या बाजारात विकला गेला, बगदादला पोचला, तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. अखेर तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याला विकत घेणारा चंगेजखान निजामशाहीचा पेशवा होता, आणि स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. हे वाक्य मुलांना दोनदा वाचावं लागेल; लागू दे. गुलाम पुढे मंत्री होऊ शकतो आणि मंत्री झाल्यावर तोही गुलाम विकत घेतो, हे दोन्ही दख्खनेत घडत होतं. चंगेजखान गेल्यावर अंबर सुटला, विजापूरकरांकडे चाकरी करून आला, स्वतःची घोडदळाची तुकडी उभी केली. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, पण निजामशाही बुडाली नाही. ती बुडू न देणारा मलिक अंबर होता. १६१०च्या सुमारास त्याने खडकी हे गाव वसवलं. पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. आणि त्या गावाला पाणी दिलं. डोंगरपायथ्याचं भूजल गोळा करून जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापरी नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी पुढे कित्येक पिढ्या वाहत राहिली. उताराच्या हिशोबावर, पंपाशिवाय. सातवीतल्या मुलाला हे विज्ञानाच्या तासाला शिकवता येतं. जमीन मोजून, तिची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत मराठी मुलखात मलिकंबरी म्हणून ओळखली गेली. मुलांच्या अंकात ती दोन ओळींत उरकली आहे, कारण साराआकारणीची गोष्ट रंगवणं आमच्या कुवतीबाहेरचं आहे.

लढाई मात्र आहे. १६२४ साली भातवडीला अंबरने तलावाचं पाणी सोडून मोगल आणि विजापूरकरांच्या छावणीत चिखल केला आणि मग त्यांना गाठलं. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. 'शिवभारता'त या लढाईचं वर्णन आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारातल्या कवीला अंबर लपवावासा वाटला नव्हता. तो आपण नंतर हरवला.

संपादक मंडळात खरा वाद झाला तो एका चित्रावर. अंबर हाती लागत नाही म्हणून चिडलेल्या जहांगीरसाठी अबुल हसनने १६१६च्या सुमारास ते काढलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. आणि बादशहा बाण मारतोय भाल्याच्या टोकाला खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर. अंबर तेव्हा धडधाकट होता. पुढे १६२६ साली, सत्तरी ओलांडल्यावर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. छापायचं का? मुलं घाबरतील, असं एक मत. मुलं हसतील, असं दुसरं.

आम्हाला आधार सापडला तो शंभर वर्षांपूर्वीच्या एका मासिकात. अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणारे विचारवंत डू बॉइस 'क्रायसिस' नावाचं मासिक चालवत आणि दरवर्षी त्याचा एक अंक मुलांसाठी काढत, आपल्या दिवाळी अंकासारखाच वर्षाचा खास. काळ्या माणसांना जमावाने ठार मारल्याच्या बातम्या छापणं हे त्या मासिकाचं काम होतं, आणि नेमकं तेच मुलांच्या नजरेला पडत होतं. त्याचा मुलांच्या मनावर काय परिणाम होईल, या काळजीतून जानेवारी १९२०मध्ये 'द ब्राउनीज बुक' हे वेगळं बालमासिक निघालं. संपादनाची बाजू मुख्यतः जेसी फॉसेट यांनी सांभाळली. गोष्टी, खेळ, काळ्या वीरांची चरित्रं, वाचकांची पत्रं. लँगस्टन ह्यूजेसच्या सुरुवातीच्या कविता तिथे आल्या. चोवीस अंकांनंतर, डिसेंबर १९२१मध्ये, ते बंद पडलं, वर्गणीदार पुरेनात. (हे वाचून आमच्या खजिनदारांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इथे छापता येत नाही.) त्या चोवीस अंकांतून आम्ही एक गोष्ट घेतली: भीतीदायक ते दडवायचं नाही, पण आधी मुलाच्या हातात काहीतरी भक्कम द्यायचं. म्हणून आधी नहर, मग ते चित्र. छापलं आहे.

चित्रकारांना एकच अट घातली होती. आपल्या बालपुस्तकांतला राक्षस वर्षानुवर्षं काळाकुट्ट, कुरळ्या केसांचा, जाड ओठांचा काढला जातो. तोच चेहरा उचलून त्याला फेटा बांधून अंबर करायचा नाही.

कुणी म्हणेल, शत्रूला संत करायला निघालात. नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीने कोकणातली गावं लुटली, माणसं धरून नेली. तेही अंकात आहे. ज्याचे पूर्वज बाजारात विकले गेले, तो सत्ता आल्यावर दुसऱ्याला धरून विकू शकतो, हे दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी शाळेच्या बसमध्ये एकदा प्रवास करावा.

इथल्या मराठी मुलांची जागा जरा वेगळी आहे, म्हणून हा विषय म्हैसुरातून निघावा हे मला योग्य वाटतं. महाराष्ट्रातल्या त्यांच्या भावंडांना चौथीत शिवछत्रपतींचं पुस्तक असतं. यांना पन्हाळा आजोबांकडून कळतो. पण सिद्दी मात्र यांच्याच राज्यात राहतात. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिन्ही. त्यांची बोली कोकणीच्या अंगाची, मराठी-कानडी मिसळलेली; आपल्या पोरांना त्यातलं बरंच कळेल. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० साली शांताराम बुदना सिद्दी विधान परिषदेवर गेले, कर्नाटकाचे पहिले सिद्दी आमदार. सिद्दी बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. आपल्या गोधडीचीच बहीण, फक्त कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

या विभागातली एक त्रुटी आम्हाला ठाऊक आहे. यातला सगळा मजकूर सिद्दींबद्दल आहे, सिद्दी लेखकाचा एकही नाही. पुढच्या वर्षी असा मजकूर त्यांच्या बोलीत, देवनागरीत, शेजारी मराठी देऊन छापायची तयारी आहे. मानधन मोठ्यांच्या कथेइतकंच.

बालविभाग अंकाच्या मधोमध, पिनांपाशी आहे. मधल्या दोन पानांवर इथिओपियातलं हरार ते खडकी असा नकाशा आहे. पिना हलक्या हाताने काढल्या तर तो अखंड निघतो.

— संपादक
विजयनगर, म्हैसूर