देवबागचे पाहुणे

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलात, तर १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग पाहालच. पण एका सकाळी देवबागहून होडीनेही निघा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मासळीमागे डॉल्फिन येतात. कुबडाची, किनाऱ्यालगत राहणारी ही जात. पाठ दिसली, की होडीतली मंडळी ओरडतात, "तात्या, आणखी जवळ घ्या!"

आमच्या तात्यांनी उलट यंत्रच बंद केले. "मास्तरांनू, तो मासो न्हय. श्वासाक वर येवचाच लागता. मागे होडी लावली तर कसो येतलो?"

दहा मिनिटे सारे गप्प. (आमचे कुटुंबसुद्धा, हे विशेष!) मग वीस हातांवर 'फुस्स' असा उच्छ्वास ऐकू आला. फोटो कुणालाच साधला नाही. पैसे वसूल झाले की नाही, यावर परतताना होडीत दोन तट पडले.