कुलूपबंद कपाटातले बाबासाहेब

जयंती आली की नांदेड-लातूरच्या चौकाचौकात निळे झेंडे फडकतात, कमानी उभ्या राहतात, रात्रभर डीजे वाजतो. दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीतला एखादा विद्यार्थी तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन बाबासाहेबांचा खंड मागतो. खंड कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली सचिवांकडे आहे, असे उत्तर त्याला मिळाले तर जाब कोण विचारणार?

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून याच नांदेड जिल्ह्यात १९७८ साली पोचिराम कांबळे शहीद झाले. १९९४ मध्ये नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठही उभे राहिले. पाटीवरच्या नावासाठी आम्ही रक्त सांडले. त्या नावाच्या माणसाने लिहिलेली पुस्तके उदगीर, निलंगा, देगलूर, मुखेडच्या वाचकाच्या हाती पडतात का, हे पाहणे आम्ही विसरलो.

उघड बंदीचा प्रयत्न आम्ही हाणून पाडलेला आहे. १९८७ मध्ये शासनाने खंड ४, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध करताच राम-कृष्णावरील परिशिष्टावरून शिवसेनेने गदारोळ केला, अमरावतीत खंडाची होळी झाली. १९८८ च्या फेब्रुवारीत लाखोंचा मोर्चा मुंबईत धडकला, तेव्हा शासन या मतांशी सहमत नसल्याच्या टिपेसह परिशिष्ट कायम राहिले. आता बंदीसाठी हुकूम काढावा लागत नाही. छपाई रखडवली तरी भागते. ९ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला आणि छापल्या फक्त ३३ हजार प्रती, अशी बातमी ‘लोकसत्ता’ने २०२१ मध्ये दिली. मुंबई उच्च न्यायालयाला तिची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ही बंदी नाही तर दुसरे काय?

“पुस्तक मिळत नाही, झेरॉक्स काढली तर कॉपीराइट आडवा येतो,” ही सबबही तपासून पाहू. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. म्हणून बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले मूळ लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या ग्रंथाची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात; त्यामुळे ‘रिडल्स’ २०४७ अखेरपर्यंत खुले होत नाही. अनुवादकाचा हक्कही वेगळा असतो. पण जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही, त्याच्या ३ प्रती स्वतःच्या वापरासाठी काढण्याची मुभा कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला देते. आपल्याजवळची जीर्ण प्रत जतनासाठी संगणकात साठवण्याची मुभाही त्याच कलमात आहे. किती ग्रंथपालांनी ती वापरली?

तिसरा प्रश्न नोंदवहीचा आहे. कोण काय वाचतो, हे त्या वहीत लिहिलेले असते. एल्गार परिषद प्रकरणात घरातली पुस्तके आणि पत्रके पुरावा म्हणून पुढे आली. अखेर २८ जुलै २०२३ रोजी दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की केवळ साहित्य जवळ असणे हा दहशतवादाचा गुन्हा ठरत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे याच न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितले आहे. मग गावातल्या पुढाऱ्याने किंवा हवालदाराने तोंडी विचारले म्हणून वाचकांची वही पुढे का सरकवायची? कायदेशीर लेखी आदेश मागा. पुस्तक परत आले की जुनी नोंद सांभाळून ठेवण्याची गरज आहे का, याचाही विचार करा. आमच्या पोराने ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ वाचले, ही बातमी पाटलाच्या वाड्यावर पोचली तर त्याच्या घराला काय भोगावे लागते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला हवे काय?

१९६७ च्या कायद्याखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांना मिळणारे अनुदान जनतेच्या पैशाचे आहे. म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की, येत्या महिन्यात आपापल्या ग्रंथालयाचे सभासद व्हा. खंड उघड्या फळीवर आहेत काय, ते पाहा. नसतील तर लेखी मागणी करा आणि पोच घ्या. विहारातल्या अभ्यासिकेतही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक फळी बाबासाहेबांसाठी ठेवा.

ग्रंथपालाशी आमचे भांडण नाही. तुटपुंज्या पगारात तो एकटा असतो, म्हणून दबावापुढे वाकतो. तो कायद्याने वागला तर त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे चळवळीचे काम आहे. ज्यांना हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्यांनी कपाटाच्या कुलपापुढे हात जोडून उभे राहू नये!